अँडीजमधील विमान अपघात : चित्रपटातील निवेदक कोण?

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या रग्बी खेळाडूंचे विमान अँडीज पर्वतात कोसळले. ४५ पैकी १६ जण ७२ दिवसांनंतर परतले, तेही मृत सोबत्यांचे मांस खाऊन. फ्रँक मार्शल यांच्या ‘अलाइव्ह’ (१९९३) मध्ये हे तरुण इंग्रजी बोलतात. निवेदक वाचलेला आहे, त्यामुळे मृत मागेच राहतात. अपघाताचे दृश्य मात्र आजही अंगावर येते. जे. ए. बायोना यांच्या ‘सोसायटी ऑफ द स्नो’ (२०२३) मध्ये पात्रे स्वभाषेत, स्पॅनिशमध्ये बोलतात. (सीमाभागातील वाचकास याचे मोल सांगावयास नको.) मृतांची नावे वयासह पडद्यावर येतात. निवेदक नुमा तुर्काती स्वतःच अखेरीस मरतो. मी मेलो तर माझे शरीर तुमचे, असे मित्र एकमेकांस सांगतात, तेव्हा देणारा कोण हे येथे प्रथमच दिसते.