पटवर्धन, सुधीर
पटवर्धन, सुधीर : (१९४९– ). समकालीन भारतीय चित्रकार. जन्म पुणे येथे. पुण्याच्या सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यानंतर ते मुंबईस आले आणि पुढे ठाणे येथे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी २००५ पर्यंत व्यवसाय केला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. सेझान व फेर्नां लेझे यांची चित्रे आणि मार्क्सवादी विचार यांचा त्यांच्या आरंभीच्या घडणीवर प्रभाव पडला. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९७९ मध्ये दिल्ली येथे भरले. ‘प्लेस फॉर पीपल’ (१९८१) ह्या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम प्रभृतींबरोबर त्यांचा सहभाग होता. मानवाकृतिप्रधान, आशयनिष्ठ चित्रकलेच्या पुनःप्रतिष्ठेच्या दृष्टीने हे प्रदर्शन महत्त्वाचे ठरले.

श्रमजीवी माणूस व त्याचे शहर हा पटवर्धनांचा मुख्य विषय. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) ह्यांसारख्या प्रारंभीच्या चित्रांत देह भरीव, जड व चित्रचौकट व्यापणारा आहे. त्यात वैद्यकाच्या देहज्ञानाचा प्रत्यय येतो. तथापि रुग्णाकडे पाहण्याची तटस्थता त्यात नाही. ‘टाउन’ (१९८४) पासून देह लहान होतो व परिसर विस्तारतो. अनेक दृष्टिबिंदूंतून पाहिलेली घरे, रस्ते व टेकड्या एकाच चित्रावकाशात सांधल्या जातात. त्यामुळे प्रेक्षकाची दृष्टी एका जागी स्थिरावत नाही. शहरातून चालणाऱ्या माणसाप्रमाणे ती फिरत राहते. ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये गिरणगावाच्या स्थित्यंतराची नोंद आहे. १९८२ च्या संपानंतर ओसरत गेलेले कामगारजीवन ह्या चित्राच्या पार्श्वभूमीस आहे.

मध्यमवर्गीय वैद्याने कामगाराचे चित्र कोणत्या अधिकाराने काढावे, हा प्रश्न ह्या कलेच्या मुळाशी आहे. आरंभीच्या काही आकृती व्यक्ती म्हणून कमी व वर्गाच्या प्रतिनिधी म्हणून अधिक जाणवतात, ही त्यांची मर्यादा होय. उत्तरकाळात घर, कुटुंब, वार्धक्य आणि पाहणारा स्वतः हे विषय पुढे आले. हे सामाजिक आशयापासून दूर जाणे नव्हे. पाहणाराही त्याच शहराचा घटक आहे, ही त्या प्रश्नाची प्रांजळ कबुली आहे. समकालीन कला महानगरांतील दालनांपुरती राहू नये, ह्या हेतूने त्यांनी २००८-०९ च्या सुमारास महाराष्ट्रातील अन्य शहरांत फिरते चित्रप्रदर्शनही योजिले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन २०१९ मध्ये भरले. प्रचारकी न होता सामान्य माणसाला चित्रात प्रतिष्ठेची जागा मिळवून देणे, हे त्यांचे आधुनिक भारतीय कलेस लाभलेले महत्त्वाचे योगदान होय.