तैलचित्रासारखी छायाचित्रे: साधर्म्य आणि सोंग

व्यक्तिछायाचित्रणात ‘रेनेसाँस शैली’ या नावाखाली आज जे केले जाते, त्यातले पुष्कळसे प्रबोधनकाळाचे नसतेच. काळीभोर पार्श्वभूमी, अर्ध्या चेहऱ्यावर पडलेला तिरका उजेड आणि उरलेला चेहरा गिळून टाकणारा अंधार ही सामग्री काराव्हाज्जो आणि रेम्ब्राँ यांच्याकडून, म्हणजे मुख्यतः सतराव्या शतकाच्या बरोक चित्रकलेकडून आलेली आहे. काळी पार्श्वभूमी पंधराव्या शतकातील यान व्हान आइक किंवा अंतोनेल्लो दा मेस्सिना यांच्या व्यक्तिचित्रांतही आढळते, हे खरे. परंतु त्यांच्या चित्रांत सावलीतला गालही वाचता येतो आणि प्रकाश चेहऱ्यावर आदळत नाही, तर त्याच्या वळणांवरून सरकत जातो. लिओनार्दोने आपल्या टिपणांत व्यक्तिचित्रासाठी ढगाळ हवा किंवा सांजवेळ सुचवली आहे आणि भिंती काळ्या रंगवलेल्या अंगणावर कापडाचे छत ताणण्याचा सल्लाही दिला आहे. उजेडातून सावलीकडे जाताना मधली रेषा धुरासारखी विरघळवण्याची जी पद्धत ‘स्फुमातो’ म्हणून ओळखली जाते, तिचे मूळ अशा मवाळ प्रकाशाच्या निरीक्षणात आहे. एकच दिवा बाजूला लावून हा परिणाम साधत नाही.

यापेक्षा मोठी अडचण माध्यमाची आहे. तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवले की प्रकाश त्यांच्यातून आत शिरतो, तळाच्या पांढऱ्या लेपावरून परततो आणि त्वचा आतून उजळल्यासारखी दिसते. छापील छायाचित्रात मात्र शाई कागदाच्या पृष्ठभागाशीच थांबते, त्यामुळे संगणकावर चढवलेल्या कृत्रिम भेगा आणि कॅनव्हासचा पोत यांनी ती खोली भरून निघत नाही, उलट तिची उणीवच उघडी पडते. दुसरी गोष्ट भिंगाची. पापणी तीक्ष्ण आणि कान पुसट, अशी उथळ स्पष्टता आजच्या छायाचित्रकारांना प्रिय असली, तरी व्हान आइकच्या चित्रात डोळ्यांची कड आणि पागोट्याची घडी सारख्याच निष्ठेने रेखलेली असते. डोळ्यातला प्रकाशबिंदूही चुगली करतो: ड्यूररने 1500 सालच्या आत्मचित्रात बुबुळांवर खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब रंगवले, तर रिंग लाइटखाली काढलेल्या ‘रेनेसाँस’ चित्रांत तिथे पांढरे कडे चमकते आणि सारा थाट एका क्षणात आधुनिक काळाचा ठरतो.

तरीही छायाचित्राला चित्राचे रूप देण्याच्या खटपटीचा इतिहास जुना आहे. 1815 मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा भेट मिळाला आणि आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरात त्यांनी आपल्याकडे घरकाम करणाऱ्या मेरी हिलियर यांना अनेकदा मॅडोनाच्या रूपात उभे केले. काचेवर रसायनाचा ओला लेप देऊन चित्र घेण्याच्या त्या तंत्रात माणसाला बराच वेळ निश्चल राहावे लागे. पुसटपणाबद्दल समकालीन छायाचित्रकारांनी कॅमेरॉन यांना टोकले, पण चित्रकारासमोरच्या दीर्घ बैठकीत चेहऱ्यावर येणारी तटस्थता त्यांना मिळाली, ती या सक्तीच्या स्तब्धतेमुळेच.

छायाचित्रकार सिंडी शर्मन यांनी 1988 ते 1990 या काळातील, जुन्या व्यक्तिचित्रांचे सोंग घेणाऱ्या मालिकेत याच्या नेमके उलट केले. नकली नाके आणि प्लास्टिकचे स्तन लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही, कारण जुन्या व्यक्तिचित्रांतला थोरपणा हाही वेषभूषेचाच खेळ होता, हे त्यांना दाखवायचे होते. छायाचित्रकार हेंड्रिक केर्स्टेन्स यांनी आपली मुलगी पाउला हिची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. 2007 सालच्या ‘बॅग’ या छायाचित्रात तिच्या डोक्यावरची पांढरी प्लास्टिकची पिशवी डच टोपीसारखी दिसते. या छायाचित्रांचे नाते प्रबोधनकाळापेक्षा सतराव्या शतकातल्या व्हर्मीरशी अधिक जवळचे, तरी तो फरक इथे खटकत नाही, कारण पिशवी पिशवीच राहते. क्रिस्टियन तालियाविनी यांनी ‘1503’ या छायाचित्रमालिकेला चित्रकार ब्रोन्झिनोच्या जन्मवर्षाचे नाव दिले आणि त्याच्या चित्रांतल्या ताठर, थंड अभिजाततेला उत्तर म्हणून मानवी माना अवास्तव लांब केल्या. सौंदर्य थोडे अतिरेकी होते, पण तो अतिरेक ब्रोन्झिनोच्या काळाशी इमान राखणारा आहे, कारण मॅनरिझम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शैलीचा प्राणच शरीराच्या अशा हेतुपूर्वक ताणण्यात होता.

या कामांच्या तुलनेत स्टुडिओंमधून विकली जाणारी मुलांची ‘फाइन आर्ट’ छायाचित्रे फारच निर्धास्त आहेत. लेस, मखमल, हातात डाळिंब, उदास नजर, की झाले चित्र! त्यांत कुशलता नाही असे नव्हे. प्रश्न असा की, मूळ चित्रांत वस्त्राचा पोत आणि दागिना हे त्या माणसाच्या दर्जाचे, सोयरिकीचे किंवा श्रद्धेचे पुरावे असत, तर इथे ते भाड्याने आणलेले असतात आणि कशाचाच पुरावा देत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर भाड्याचीही गरज संपवली. असंख्य चित्रांच्या संचावरून शिकलेली ही यंत्रणा फ्लॉरेन्स, ब्रुज आणि ॲम्स्टरडॅम यांचे प्रकाश एकाच सोनेरी रश्शात घोळून देते आणि माणूस कुणासमोर बसलेलाच नसल्यामुळे केर्स्टेन्स यांच्या छायाचित्रात पाउलाची नजर जशी पाहणाऱ्याला न जुमानता स्थिर राहते, तशी नजर त्या चित्रात निर्माण होत नाही.