करड्या छटेत हरवणारा गेरू

मानेसर आता कारखान्यांमुळे ओळखले जाते. पण औद्योगिक वसाहत मागे टाकून फर्रुखनगर किंवा पतौडीकडे निघाले, की जुन्या हवेल्या, गावच्या बैठकीच्या चौपाली, पायऱ्यांच्या बावड्या अजून भेटतात. दिल्ली-गुरुग्रामच्या छायाचित्रकारांना हा मुलूख खुणावतो, आणि त्यांची चित्रे बरीचशी एकाच साच्यातली निघतात: कृष्णधवल, आभाळ काळवंडलेले, दार अर्धवट उघडे, माणूस नाही.

या साच्यामागे परंपरा आहे. अमेरिकेत १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणाने मोठ्या आकाराची कृष्णधवल फिल्म वापरली. ती टिकते आणि बारकावे नेमके पकडते. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर यांनी झीगनच्या परिसरातली लाकडी चौकटीची घरे अगदी समोरून, ढगाळ, सपाट उजेडात टिपली. नाट्य टाळल्यामुळे घराघरातला फरक उठून दिसला. आपल्याकडे मात्र नाट्याचीच हौस दांडगी.

कृष्णधवल माध्यमाची ताकद खरी दिसते ती भिंतीजवळ गेल्यावर. या इमारतींतली लखोरी वीट पातळ असते. तिरप्या उन्हात तिच्या थरांमधली चुन्याची दर्ज, उखडलेला गिलावा, कोनाड्याची महिरप स्पष्ट होते. फर्रुखनगरच्या अष्टकोनी बावडीत कमानींमागचा अंधार आणि पायऱ्यांवरचे ऊन यांचा हिशेब रंगाशिवाय अधिक चोख लागतो. पण निवड इथेही करावीच लागते: लाल फिल्टरने आभाळ गडद होते आणि वीट उजळते, हिरव्याने वीट काळवंडते. संगणकावर हेच काम एका पट्टीवर होते, म्हणून ते विचार न करताही उरकता येते.

खरी अडचण चित्रांकित भिंतींची आहे. हरियाणातल्या जुन्या हवेल्यांत आणि मंदिरांत देवदेवतांची, पहिलवानांची भित्तिचित्रे आहेत. तिथला गेरूचा लाल आणि निळीचा निळा कृष्णधवलात एकाच करड्या छटेत विरून जाऊ शकतात. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यातली चित्रे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नुकसान समजावून सांगायला नको. भारत रंगातच पाहावा, हा छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचा आग्रह सगळीकडे पटणारा नाही. रघू राय यांची कृष्णधवल दिल्लीच त्याला उत्तर आहे. पण या भिंतींपुरता रंगाचा आग्रह मान्य करावा लागतो.

दुसरे नुकसान वर्तमानाचे. विजेच्या तारा, दाराशी बांधलेली म्हैस, ओसरीतला चारा चौकटीबाहेर गेला, की वापरातली हवेली उगाच ओसाड ठरते. गावाचे नाव, साल, मालकीचा बदल हेही चित्राखाली क्वचितच असते.

गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांनी उभारलेल्या ‘म्युझिओ कॅमेरा’ या संग्रहालयात २०१९ पासून जुने कॅमेरे जपले जात आहेत. तेवढीच निगा या परिसराच्या चित्रांच्या नोंदींनाही मिळायला हवी. प्रत्येक वास्तूचे एक समोरून घेतलेले कृष्णधवल चित्र, एक रंगीत आणि पूर्ण पत्ता, एवढी शिस्त पाळली तरी पुरे. नाहीतर हवेली पाडल्यावर तिची कमान पुन्हा रचू पाहणाऱ्या गवंड्याला या देखण्या चित्रांचा काडीचाही उपयोग होणार नाही.