शेजारून सायकल चालवण्याचे पैसे

पत्रिकेत आजचा विषय जरा भारदस्त छापला गेलाय, पण मला एकाच लहानशा गोष्टीबद्दल बोलायचंय. एखाद्या नामांकित माणसाच्या सोबतीनं सायकल चालवायची, त्यासाठी पैसे भरायचे किंवा गोळा करून आणायचे, आणि ते पैसे रुग्णांसाठी जायचे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगली रुजली आहे. आपल्याकडे सायकलपेक्षा धावण्यात ती जास्त दिसते. २००४ पासून मुंबईत मॅरेथॉन होते, तिथे संस्थांसाठी निधी गोळा करून धावणारे असतात आणि कडेला सिनेमातली मंडळीही असतात. ही पद्धत चांगली की वाईट, असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. पैसे भरणारा नेमकं काय विकत घेतो, हे विचारून बघा.

अमेरिकेच्या करकायद्यात याचं मजेशीर उत्तर आहे. तिथे धर्मादाय संस्थेला ७५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली आणि बदल्यात काही मिळालं, तर मिळालेल्या गोष्टीची वाजवी किंमत संस्थेनं लेखी कळवायची. करसवलत फक्त उरलेल्या रकमेवर. नियमांत उदाहरणंही दिली आहेत. टेनिसचा प्रशिक्षक एरवी तासाचे १०० डॉलर घेतो. कुणी ५०० डॉलर देणगी देऊन त्याचा तास मिळवला, तर त्या तासाची किंमत १००. पण एखादा चित्रकार देणगीदाराला स्वतः संग्रहालय फिरवून दाखवतो. तो एरवी हे काम करत नाही, आणि संग्रहालयाचा फेरफटका तर फुकटच असतो. मग त्याच्या सहवासाची किंमत किती? शून्य! हाच तर्क सायकलला लावला, तर विश्वविजेत्याच्या शेजारून ५० किलोमीटर जाण्याचीही किंमत शून्यच येईल. हिशेबाच्या वहीत शून्य, आणि भरणाऱ्याच्या मनात सगळं मोल तेवढ्याचंच. आपल्या देवळात पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं असतं ना, त्याला आपण हसतो. पण तिथे निदान नाव देणाऱ्याचं असतं. इथे पैसे माझे आणि नाव दुसऱ्याचं.

आता लान्स आर्मस्ट्राँगकडे येऊ. त्याच्याइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याला अंडकोशाचा कर्करोग असल्याचं कळलं. तो फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरला होता. त्यातून तो वाचला. १९९७ मध्ये त्यानं संस्था काढली आणि टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 'राइड फॉर द रोझेस' ही निधीसाठीची सायकलफेरी सुरू झाली. लक्षात घ्या, तेव्हा त्यानं टूर द फ्रान्स एकदाही जिंकलेली नव्हती. १९९९ पासून तो ओळीनं सात वेळा जिंकला आणि फेरीचं रूपच बदललं. जास्त निधी आणणाऱ्याला त्याच्यासोबत सायकल चालवायला मिळणं हे मोठं आकर्षण झालं. २००४ मध्ये नायकेसोबत तो पिवळा रबरी पट्टा आला, एक डॉलरचा. असे ८ कोटींहून जास्त पट्टे विकले गेले. पट्टा ही त्या फेरीचीच स्वस्त आवृत्ती होती असं मी म्हणेन. शेजारून सायकल चालवणं परवडत नाही? मनगटावर बांधा.

सायकल चालवणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. पुढच्याच्या अगदी मागे राहिलं की वारा तो झेलतो आणि मागच्याची ताकद वाचते, चांगली पाव हिश्शाच्या आसपास. आता सांगा, या फेऱ्यांमध्ये कोण कुणाच्या आडोशाला होतं? दिसायला लान्स पुढे आणि रुग्ण, त्यांचे नातेवाईक, देणगीदार मागे. पण उत्तेजकांचे आरोप व्हायला लागले तेव्हा त्याचं ठरलेलं उत्तर काय होतं? आपण मरणाच्या दारातून परत आलोय, तर आपण शरीरात असलं काही घालू का! म्हणजे वारा सुटला की तो रुग्णांच्या मागे जात होता. त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांविरुद्ध बोलणं, असं वातावरण तयार झालं होतं. ते काही आपोआप तयार झालं नव्हतं. पैसे देऊन शेजारून सायकल चालवणारा प्रत्येक जण त्या भिंतीत एक वीट ठेवत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. माझा खरा आक्षेप इथे आहे. दात्यानं भरलेले पैसे रुग्णाकडे गेले, पण त्यानं दाखवलेला विश्वास नायकाच्या खात्यावर जमा झाला, आणि या दुसऱ्या रकमेची पावती कुणी देत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, भरभर सांगते. १० ऑक्टोबर २०१२ ला अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं हजारावर पानांचे पुरावे मांडले. २६ साक्षीदार, त्यात ११ जण त्याच्याच संघातले. आठवड्याभरात तो अध्यक्षपदावरून उतरला आणि त्याच दिवशी नायकेनं त्याच्याशी करार मोडला. सातही विजेतेपदं गेली. जानेवारी २०१३ मध्ये ओप्राच्या मुलाखतीत त्यानं कबूल केलं. संस्थेनं त्याचं नाव अंगावरून काढून टाकलं आणि नुसतं 'लिव्हस्ट्राँग' ठेवलं, पण देणग्या झपाट्यानं घसरल्या. खोटं नायकाचं होतं आणि फटका बसला रुग्णांना मदत करणाऱ्या कामाला. एकाच खांबावर मंडप उभारला की असंच होणार.

मजा बघा, त्याच्या आत्मचरित्राच्या काही वाचकांनी कॅलिफोर्नियात दावा लावला की खरी गोष्ट म्हणून आम्हाला कादंबरी विकली. न्यायालयानं तो २०१३ मध्येच फेटाळला. मग फेरीत पैसे भरणाऱ्यानं काय परत मागायचं? त्याचे पैसे तर सत्कारणी लागले होते. टेक्सासमध्ये २००७ साली कर्करोग संशोधनासाठी ३ अब्ज डॉलर उभारायला मतदारांनी मंजुरी दिली, त्या प्रचारात लान्स होता, आणि तो निधी खरा आहे. सगळंच ढोंग होतं असं म्हणून मोकळं होता येत नाही. मला तरी येत नाही.

याच्या शेजारी मॅसॅच्युसेट्समधली 'पॅन-मॅस चॅलेंज' ठेवून बघा. १९८० मध्ये ३६ जणांनी सुरू केली, पहिल्या वर्षी जमले १०,२०० डॉलर. पैसे जातात बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला. तिथेही मोठी माणसं येतात, पण त्यांच्या शेजारची जागा विकायला नसते. प्रत्येकानं ठरलेली किमान रक्कम ओळखीपाळखीतून आणायची, आणि नाही जमली तर उरलेली त्याच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून वसूल! (मित्रांना पैशासाठी गळ घालत फिरणं हा वेगळाच छळ आहे, तो विषय पुन्हा कधीतरी.) काही संघ उपचार घेणाऱ्या एखाद्या मुलाशी जोडलेले असतात. त्या मुलाचा फोटो घेऊन सायकल चालवायची. एखादा खेळाडू बदनाम झाला म्हणून ही फेरी कोसळणार नाही, कारण ती हजारो लहान लहान ओळखींवर उभी आहे.

आणि आता २०१५. जेफ थॉमस हा क्रिस्टल पॅलेसचा माजी फुटबॉल कप्तान. २००३ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. ब्रिटनमधल्या 'क्युअर ल्युकेमिया' संस्थेसाठी दहा लाख पौंड जमवायचे म्हणून तो आणि काही हौशी मंडळी टूर द फ्रान्सचे सगळे टप्पे खऱ्या शर्यतीच्या एक दिवस आधी सायकलवरून पार करणार होती. त्यानं दोन टप्प्यांसाठी बोलावलं कुणाला? लान्सला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे अध्यक्ष ब्रायन कुकसन संतापले, हा शर्यतीचा अनादर आहे म्हणाले. लान्स आला, म्युरेपासून रोदेझपर्यंतचा जवळजवळ २०० किलोमीटरचा टप्पा चालवला, आणि पत्रकारांची झुंबड उडाली.

कुकसन यांचं म्हणणं मला पटत नाही. शर्यतीचा मान राखण्याचं काम त्यांचं होतं, पण ही मंडळी शर्यतीत नव्हतीच. सार्वजनिक रस्त्यावरून जात होती. उलट माझ्या मते लान्सच्या शेजारून सायकल चालवण्याचा हा पहिला सरळ व्यवहार होता. शेजारी कोण आहे हे सगळ्यांना स्वच्छ माहीत होतं. थॉमसला प्रसिद्धी हवी होती, ती मिळाली, आणि लान्सला फ्रान्सचा रस्ता परत मिळाला. त्याला काहीच मिळालं नाही असं मात्र कुणी सांगू नये. त्या दोन दिवसांत कॅमेरे त्याच्यावरच होते, आणि पॅरिसपर्यंत रोज पेडल मारणाऱ्या बाकीच्यांपैकी एखाद्याचं नाव या सभागृहात कुणाला सांगता येतंय का बघा. मलाही थॉमसपलीकडे येत नाही. प्रश्नांना वेळ ठेवायचाय, तेव्हा इथे थांबते.