नाकाड्या बेडूक आणि ‘शोध’ या शब्दाचा घोळ

काही वर्षांपूर्वी एका शाळेत विज्ञानप्रदर्शनाला गेलो होतो. आठवीच्या मुलींनी केलेला एक तक्ता भिंतीवर होता. मधोमध फुग्यासारख्या अंगाचा जांभळा बेडूक, त्याचे टोकदार, पांढरट नाक, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘डायनोसॉरच्या काळातला बेडूक. शोध – २००३, केरळ.’ चित्र सुरेख होते. मजकुरातल्या दोन वाक्यांपैकी एकही मात्र मला पटले नाही. यात मुलींचा दोष नाही. वर्तमानपत्रांतून हे असेच छापून आले होते.

मूळ लेख ‘नेचर’च्या ऑक्टोबर २००३च्या अंकात आहे. लेखक एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसाइट. जेमतेम चार पाने! प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वाचावीत, कारण लेख खरोखर उत्तम आहे. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या या बेडकाला त्यांनी ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ असे नाव दिले. संस्कृत नाक, ग्रीक बेडूक आणि आपला सह्याद्री. (नाव सह्याद्रीचे असले तरी हा बेडूक महाराष्ट्रात शोधू नये. तो घाटाच्या दक्षिण भागातला, केरळ-तमिळनाडूतला.) पण नवे नाव देणे हे लेखाचे खरे बळ नव्हे. या बेडकाचे सर्वांत जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत, हे लेखकांनी डीएनएच्या तुलनेने दाखवले. मध्ये हजारो किलोमीटर खारे पाणी, आणि बेडूक समुद्र पोहून जात नाहीत. म्हणजे गोंडवन भूखंड फुटत होता त्या काळात या दोन शाखा वेगळ्या झाल्या असल्या पाहिजेत. भूखंडांच्या हालचालीचा पुरावा बेडकाच्या अंगात सापडावा, ही वर्गात सांगण्याजोगी गोष्ट आहे.

इथेच पहिला घोळ होतो. त्याच अंकातल्या टिप्पणीत ब्लेअर हेजेस यांनी या बेडकाची तुलना सीलकांत माशाशी केली आणि मग सगळीकडे ‘जिवंत जीवाश्म’ सुरू झाले. जुनी आहे ती शाखा. बेडूक आजचाच आहे. सेशेल्सचे त्याचे भाऊबंद त्याच जुन्या घराण्यातले, पण त्यांतला एक पूर्ण वाढल्यावर जेमतेम एक सेंटीमीटर भरतो. आपला नाकाड्या सात सेंटीमीटरचा, जमिनीखाली वाळवी खाऊन राहणारा आणि पावसाच्या सुरुवातीला थोडेच दिवस विणीसाठी वर येणारा. त्याचे ते फुगीर अंग नि आखूड पाय म्हातारपणाची खूण नाहीत. ती माती उकरून जगण्याची सोय आहे. ‘आदिम दिसतो म्हणून आदिम’ हा तर्क आपण मुलांना शिकवू नये.

दुसरा घोळ ‘शोध’ या शब्दाचा. १९१८ च्या सुमारास भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल आणि बंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव दक्षिणेतल्या बेडूकमाशांची वर्णने करत होते. धबधब्यासारख्या ओढ्यात तोंडाच्या चोषकाने खडकाला चिकटून राहणारा एक बेडूकमासा त्या काळातच नोंदवला गेला. तो याच बेडकाचा. फक्त बाळाचे वर्णन झाले होते आणि आईबाप ठाऊक नव्हते. २००४ साली ‘करंट सायन्स’मध्ये दत्ता आणि सहकाऱ्यांनी अनमलैच्या डोंगरांतून या बेडकाची स्वतंत्र नोंद प्रसिद्ध केली. आणि आसपासच्या लोकांचे काय? मल्याळम भाषेत याला ‘पाताळतवळ’ म्हणतात, पाताळातला बेडूक. शास्त्रीय नावाने नाक टिपले, लोकांच्या नावाने राहण्याची जागा. यातले कोणते नाव प्राण्याविषयी अधिक सांगते, हे वर्गात विचारून पाहावे!

मग २००३ साली नेमके काय घडले? वर्णन घडले. हे काम जंगलात पाय घसरण्याइतके रोमांचक नसते, म्हणून बातमीत येत नाही. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून संग्रहालयात ठेवायचा, तो कुठून आला ते लिहायचे, आणि हा प्राणी त्याच्या प्रत्येक ज्ञात नातेवाइकापासून कशाने वेगळा आहे ते दाखवायचे. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या बाटल्या उघडाव्या लागतात. मी स्वतः एका संग्रहात आठवडाभर एक नमुना शोधला आणि शेवटी तो चुकीच्या चिठ्ठीच्या बाटलीत सापडला. त्या आठवड्याला कोणी ‘शोध’ म्हणत नाही.

त्या चार पानांची मर्यादाही सांगायला हवी. लेखाचा सगळा भर वंशवृक्षावर आहे. प्राणी जगतो कसा, याची उत्तरे सावकाश आली. बेडूकमाशाच्या वाढीचे तपशीलवार वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे ‘शोधा’नंतर नऊ वर्षांनी. २०१५ च्या एका अभ्यासाने दाखवले की काही स्थानिक कुटुंबे हे बेडूकमासे गोळा करून खातात आणि त्याचा या जातीला थेट धोका आहे. ज्यांना ते कोणत्या ओढ्यात, केव्हा मिळतात हे पक्के ठाऊक होते, त्यांच्याकडे विज्ञान इतक्या उशिरा पोहोचले. २०१७ मध्ये घाटाच्या पूर्व उतारावरून याच प्रजातीतली दुसरी जात, ‘भूपती’, वर्णिली गेली. ती ईशान्य मोसमी पावसात विणते. तोवर नासिकाबॅट्रॅकस म्हणजे एकच जात असे आपण धरून चाललो होतो.

महाराष्ट्रातही असेच उदाहरण आहे. कोयनेच्या भेकाचे वर्णन १९६३ सालचे. २००९ मध्ये आंबोलीच्या भेकाची त्याच्याशी तुलना झाली, तो वेगळा ठरला आणि दोघांसाठी ‘झँथोफ्रिन’ ही नवी प्रजाती करावी लागली. आंबोलीचे लोक पहिल्या पावसात कातळावर हे भेक पाहतच होते.

त्या मुलींना मी तक्ता फाडायला सांगितला नाही. ‘शोध’ खोडून ‘वर्णन’ लिहा, आणि शेजारी १९१८, २००३, २०१२ असे तीन आकडे टाका, एवढेच म्हटले. एकीने लगेच विचारले, “सर, मग पहिल्यांदा पाहिला कोणी?”

मला सांगता आले नाही.