आकडा आणि नाव

शिलालेख हाही साहित्याचाच एक प्रकार होय. मोजक्या शब्दांत पुष्कळ सांगण्याची त्याची प्रतिज्ञा असते. म्हणूनच त्याने काय सांगितले याबरोबरच त्याने काय गाळले, हेही वाचकाने पाहावयास हवे. पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायांच्या स्मारकांचा विचार आम्ही येथे याच दृष्टीने करीत आहोत.

महाराष्ट्रातील अनेक गावांत संगमरवराची एक लहानशी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून अमुक माणसे गेली आणि त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले, एवढाच तिचा आशय. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचा ४६ हा आकडा तर सर्वश्रुत आहे. वाक्य संयत आहे, निर्दोष आहे. परंतु त्यात माणूस कोठे आहे? आकडा गावाची प्रशस्ती करतो, सरकारची कृतज्ञता नोंदवितो. शोक मात्र करीत नाही. शोकाला नाव लागते. 'गेली' हे क्रियापदही तपासून पाहावे. दुष्काळ, कर्ज, पगाराची आशा, भरतीचे दडपण, घराण्याची शिपाईगिरी हे सारे त्या दोन अक्षरांत बुजून गेले आहे.

ही माणसे गेली कोठे? १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी कुट येथे वेढा पडला आणि उपासमारीने जर्जर झालेल्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. सेनापती टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत.

अशांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभे राहिले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. त्यात ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावापुढील आकडा होऊन राहिला. दर्जा वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव जतन करावयाचे, हे युद्धकबर आयोगाचे तत्त्व असतानाही असे घडले. नावे ग्रंथात नोंदविली आहेत, असे यावर समर्थन केले जाई. ते आम्हांस पटत नाही. फ्रान्समधील न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर १९२७ मध्येच ४,७०० हून अधिक हिंदी नावे कोरली गेली होती. प्रत्येक पदकाच्या कडेवर तर शिपायाचे नाव व पलटण सरकारनेच कोरून दिली होती. सरकारजवळ नावे होती. ती दगडावर न येणे हा निर्णय होता. २०२१ मध्ये आयोगाने आपल्या अहवालात या असमानतेची कबुली देऊन क्षमा मागितली. बसऱ्याचे स्मारक त्यापूर्वीच, १९९७ मध्ये, नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर हलविण्यात आले होते.

मग उणीव कोणी भरून काढावयाची? पंजाबातील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या, म्हणून आज तेथील पणतू आपल्या पणजोबांना शोधू शकतो. आपल्याकडे ते काम गावालाच करावे लागेल. ट्रंकेतले पदक मोडीत जाण्यापूर्वी त्याच्या कडेवरील अक्षरे उतरवून घ्यावीत; पेन्शनची पुस्तिका, जुने पत्र, शाळेचा दाखला यांच्या प्रती ठेवाव्यात; आजीच्या आठवणी लिहून घ्याव्यात. जे परतले आणि मुकाट्याने शेतीला लागले, त्यांनाही या यादीत स्थान असावे, कारण पाटीवर त्यांचाही आकडाच आहे.

युद्धाचा गौरव करावा, असे आमचे म्हणणे नाही. ते साम्राज्याचे युद्ध होते, हेही यादीत स्पष्ट लिहावे. परंतु ज्या गावाला आपल्या माणसांची केवळ संख्या ठाऊक आहे, त्याने अर्धाच इतिहास राखला आहे, वाचकहो. उरलेला अर्धा अद्याप घराघरांत आहे. तो लवकर लिहून काढावयास हवा.