कॅसँड्राची डिफॉल्ट जीसी सेटिंग्ज: एक चिकित्सा

कॅसँड्रा हा डेटाबेस जावामध्ये लिहिलेला आहे. त्यामुळे क्वेरीला लागणारा वेळ गार्बेज कलेक्शनवर, म्हणजे जीसीवरही अवलंबून असतो. येथे आपण ३.११ आवृत्तीतील डिफॉल्ट सेटिंग्ज तपासू. त्यांत सीएमएस हा कलेक्टर आहे.

समजा, तुमच्या सर्व्हरवर ३२ जीबी रॅम आणि ८ कोअर आहेत. स्टार्टअप स्क्रिप्ट रॅमचा पाव हिस्सा, म्हणजे ८ जीबी, हीपला देते. यंग जनरेशनला दर कोअरमागे १०० एमबी किंवा हीपचा पाव हिस्सा, यांपैकी जे कमी ते मिळते. येथे ८०० एमबी. त्यात ईडन ६४० एमबी आणि दोन सर्व्हायव्हर भाग प्रत्येकी ८० एमबी. शिवाय टेन्युरिंग थ्रेशोल्ड १ आहे: एका सफाईतून वाचलेला ऑब्जेक्ट पुढच्या सफाईतही जिवंत असेल, तर ओल्ड जनरेशनमध्ये जातो.

या सूत्रात रॅम आहे, कोअर आहेत. वर्कलोड मात्र कुठेच नाही. हा माझा मुख्य आक्षेप.

लेखन जास्त असेल तर हा थ्रेशोल्ड योग्यच आहे. मेमटेबलमधील डेटा फ्लश होईपर्यंत जिवंत राहतो. तो सर्व्हायव्हर भागांत पुन्हापुन्हा कॉपी करणे व्यर्थ. वाचन जास्त असेल तर चित्र उलटते. क्वेरीचे ऑब्जेक्ट अल्पायुषी असतात, पण ईडन झपाट्याने भरते. चालू क्वेरींचे ऑब्जेक्ट ८० एमबीत मावले नाहीत, की उरलेले थेट ओल्ड जनरेशनमध्ये जातात आणि लगेच कचरा होतात. सीएमएस ही जागा सलग करत नाही. तुकडे वाढत गेले की शेवटी फुल जीसी होते आणि सगळे थ्रेड थांबतात.

यंग सफाईचा खर्च मुख्यतः जिवंत ऑब्जेक्टवर ठरतो, कचऱ्यावर नाही. म्हणून वाचनप्रधान वर्कलोडला मोठी यंग जनरेशन आणि वाढवलेला थ्रेशोल्ड सहसा मानवतो.

‘आता जी१ आहे, मग हे कशाला?’ असे तुम्ही विचाराल. सीएमएस जेडीके १४ मध्ये, २०२० साली, काढला गेला हे खरे. जी१ यंग जनरेशनचा आकार स्वतः ठरवतो. तो तुम्ही हाताने पक्का केलात, तर विरामाचे उद्दिष्ट पाळण्याची त्याची क्षमता जाते. पण ते उद्दिष्ट २०० मिलिसेकंद असावे की ५००, हे वर्कलोड पाहून तुम्हालाच ठरवावे लागते.

सरावासाठी कॅसँड्रा-स्ट्रेसने वाचन आणि लेखन स्वतंत्रपणे चालवा. जीसी लॉगमध्ये दर सफाईत ओल्ड जनरेशन किती वाढली ते नोंदवा. सेटिंग एका वेळी एकच बदला.